जुन्या हार्ड डिस्क: फोडण्याआधी मोजा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तेव्हापासून, एरवी कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या कपाटांची अनेकांना आठवण झाली आहे. पतसंस्था, सहकारी बँका, खासगी रुग्णालयं, महाविद्यालयं, नगरपालिका, कुठेही जा. निर्लेखनाची वाट बघत धूळ खाणारे सीपीयू असतातच, आणि त्यांच्या पोटात ग्राहकांचे पॅन, रुग्णांचे रिपोर्ट, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका असलेल्या हार्ड डिस्क. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असताना ‘या डिस्कचं करायचं काय’ हा वाद पेटणं स्वाभाविक आहे. पण तो दोन टोकांवरून चालला आहे. एक बाजू म्हणते, सरसकट ड्रिल मारा नाहीतर श्रेडरमध्ये घाला आणि विषय संपवा. दुसरी म्हणते, चालू वस्तू फोडणं हे पाप आहे, फॉर्मॅट करा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना देऊन टाका. दोघंही हत्यार कोणतं एवढ्यावरच भांडतात. माझं म्हणणं असं की शेकडो डिस्क झटपट आणि खात्रीनं निकालात काढायच्या असतील, तर एक हत्यार सगळ्यांना लावून भागत नाही. आधी प्रत्येक डिस्कची अनुक्रमांकानिशी मोजणी, मग त्यांचे तीन वाटे (पुसायच्या, फोडायच्या, आणि चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या एसएसडी), मग प्रत्येक वाट्याला त्याची पद्धत. आणि हे सगळं डिस्क आपल्या दाराबाहेर पडण्याआधी. आजवरच्या मोठ्या गळत्या पाहिल्या तर डिस्क हरवल्या त्या कपाट आणि यंत्र यांच्या मधल्या प्रवासात.

फोडणाऱ्यांची बाजू आधी घेऊ, कारण ती वाटते तितकी अडाणी नाही. फोडलेली डिस्क डोळ्यांना दिसते. पुसलेली डिस्क आणि न पुसलेली डिस्क टेबलावर शेजारी ठेवल्या तर फरक कुणालाच सांगता येत नाही. ढीग सरमिसळ झाला की संपलं. पुसायला तास लागतात, फोडायला सेकंद. बंद पडलेली डिस्क तर पुसताच येत नाही. गॅरेजमध्ये असते तसली १२ टनी हायड्रॉलिक प्रेस मिळाली तर एक डिस्क अर्ध्या मिनिटात मधोमध वाकते, आत काचेच्या चकत्या असतील तर त्यांचा भुगा होतो, आणि हे काम करायला संगणकातलं काही कळावं लागत नाही. हे सगळे मुद्दे खरे आहेत.

पण भोक पाडल्यानं नेमकं काय नष्ट होतं, हे कुणी मोजतं का? साडेतीन इंची डिस्कच्या चकतीच्या एका बाजूवर माहितीसाठी साधारण ५,४०० चौरस मिलिमीटर जागा असते. १० मिमीच्या ड्रिलचं एक भोक त्यातले ७८ चौरस मिमी खातं, म्हणजे जेमतेम दीड टक्का. एका चकतीवर १ टीबी मावत असेल, तर प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे ९० एमबी बसलेले असतात. उरलेले साडेअठ्ठ्याण्णव टक्के चुंबकीयदृष्ट्या जसेच्या तसे राहतात. अशी चकती पुन्हा फिरवून वाचणं भंगारवाल्याच्या आवाक्यातलं नाही, हे कबूल. माहिती वाचणारं हेड तिच्यावर तरंगूच शकणार नाही, तिथे प्रयोगशाळाच लागेल. मात्र ‘दिसायला मोडली’ आणि ‘माहिती गेली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा सगळ्यात मोठा दाखला आकाशातून पडलेला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना फुटलं. त्याच्या अवशेषांत एका प्रयोगाची ४०० एमबीची हार्ड डिस्क सापडली. बाहेरून जळालेली, वितळलेली, कोरड्या तलावाच्या तळाशी महिनोन् महिने पडलेली. तिच्यावरची ९९ टक्के माहिती परत मिळाली आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच हाती लागलं नाही. म्हणजे तेवढ्याच भीषण आघातातून एक वाचली आणि दोन गेल्या. नशिबावर सोडलेल्या कामाला विनाश म्हणायचं का?

श्रेडरमध्ये घातलं की प्रश्न मिटतो, असंही नाही. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीवर जमाव चालून आला तेव्हा आतल्या माणसांनी कागद श्रेडरमध्ये घातले होते. ते श्रेडर कागदाच्या लांब उभ्या पट्ट्या काढणारे होते. इराण्यांनी त्या पट्ट्या धीरानं जुळवल्या आणि त्यांचे खंडच्या खंड छापले. यंत्र होतं, वापरलंही होतं. तुकडा मोठा राहिला. हार्ड डिस्कच्या बाबतीत तुकड्याचं माप आयएसओ/आयईसी २१९६४ या प्रमाणकात दिलेलं आहे. चुंबकीय डिस्कसाठी एच-४ वर्गात तुकडा २,००० चौरस मिमीपर्यंत चालतो, एच-५ मध्ये ३२० पर्यंत. वरचाच हिशेब लावला तर एच-५ च्या तुकड्यावरही एका बाजूला २५-३० जीबी शिल्लक असतात. चुंबकीय चकतीचा वाकलेला, खरवडलेला तुकडा वाचणं इतकं अवघड आहे की पतसंस्थेच्या किंवा रुग्णालयाच्या माहितीसाठी तेवढं पुरेसं आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण निविदेत नुसतं ‘श्रेडिंग करून देणे’ असं लिहिणाऱ्याला आपण काय विकत घेतोय हेच माहीत नसतं. आणि एसएसडी आली की हा सगळा हिशेब कोलमडतो.

एसएसडीत चकती नाही, चिप आहेत, आणि प्रत्येक चिपवर माहितीचा सलग मोठा भाग असतो. लॅपटॉपमधली एखादी अडीच इंची एसएसडी उघडून पाहा. बऱ्याच मॉडेलमध्ये आतला बोर्ड डबीच्या अर्ध्या, कधी कधी तिसऱ्या भागातच बसवलेला असतो. उरलेली डबी रिकामी. मधोमध मारलेलं भोक त्या रिकाम्या जागेतून आरपार जातं, वरून डिस्क ‘नष्ट’ दिसते, आणि आतला बोर्ड दुसऱ्या डबीत घातला की चालू होतो. च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या एम.२ एसएसडी २२ मिमी रुंद आणि बहुतेक ८० मिमी लांब असतात, त्यांवरच्या चिप साधारण दीड-दोन सेंटीमीटरच्या. हार्ड डिस्कसाठी बनवलेल्या रुंद दात्यांच्या श्रेडरमधून अशी चिप अख्खी खाली पडू शकते, आणि ती बोर्डावरून काढून रीडरवर वाचण्याचं तंत्र दुरुस्तीच्या बाजारात सर्रास वापरलं जातं. म्हणूनच त्याच प्रमाणकात इलेक्ट्रॉनिक साठवणुकीसाठी वेगळे वर्ग आहेत: ई-४ मध्ये तुकडा ३० चौरस मिमी, ई-५ मध्ये १०. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची गोपनीय कामासाठीची अट तर २ मिमीची आहे. श्रेडर बसवलेल्या एकाच ट्रकमध्ये, एकाच दात्यांतून दोन्ही प्रकार काढून देणाऱ्याला आधी चाळणीचं माप विचारा.

आता शाळावाल्यांची बाजू. चालू डिस्क चिरडणं ही नासाडी आहे, हे खरंच आहे. डिस्कमधल्या निओडिमियमच्या चुंबकांसाठी जगभर धावपळ चालू असताना आपण ते श्रेडरमध्ये पोलादाच्या तुकड्यांना चिकटवून गमावतो. पण फॉर्मॅट म्हणजे पुसणं नव्हे. झटपट फॉर्मॅटनं फक्त फाइलींच्या नोंदींचा तक्ता नवा होतो, मजकूर जागच्या जागी राहतो. एमआयटीतल्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलात या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक त्यांना मिळाले. त्या डिस्क विकणाऱ्यांपैकी किती जणांना वाटत असेल की आपण ‘फॉर्मॅट मारून’ दिल्या आहेत?

मग नीट पुसायचं कसं? इथे दुसरीच अंधश्रद्धा आडवी येते. संगणकशास्त्रज्ञ पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये जुन्या माहितीवर ३५ वेळा वेगवेगळ्या नमुन्यांनी लिहिण्याची पद्धत मांडली. ते नमुने त्या काळच्या निरनिराळ्या एन्कोडिंगसाठी होते, आणि आजच्या डिस्कवर ३५ फेऱ्या मारण्यात अर्थ नाही हे त्यांनीच नंतर स्पष्ट केलं. तरीही निविदांमध्ये अजून ‘सात पास’ (म्हणजे सात फेऱ्या), अमेरिकी संरक्षण खात्याच्या नावानं ‘डीओडी तीन पास’ अशा अटी दिसतात. १ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद वेगानं एकदा लिहायला पावणेदोन-दोन तास लागतात. ३५ फेऱ्यांना अडीच दिवसांहून जास्त. ढिगानं पडलेल्या डिस्कना अशी अट घातली की दोन दिवसांनी कंटाळलेला माणूस हातोडा उचलतो किंवा न पुसताच ‘पुसली’ असं लिहितो. आजच्या चुंबकीय डिस्कसाठी संपूर्ण डिस्कवर एक फेरी आणि नंतर वाचून केलेली पडताळणी पुरते. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिकाही फेऱ्यांची संख्या फुगवत नाही. अवाजवी अटीमुळे सुरक्षा वाढत नाही, खोट्या नोंदी वाढतात.

मोठ्या संख्येनं पुसण्याची मांडणी साधी आहे. एक जुना टॉवर संगणक, मदरबोर्डवरचे साटा पोर्ट (डिस्क जोडण्याच्या जागा) आणि जोडीला पोर्ट वाढवणारं एक कार्ड, पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स. आठ डिस्क एकावेळी लावल्या तर ५०० जीबीच्या डिस्कची एक खेप दीड-दोन तासांत निघते, म्हणजे कार्यालयीन वेळेत तीन-चार खेपा. इथे पहिली अडचण पॉवर सप्लायची. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेतून साधारण २ अँपिअर ओढते. आठ डिस्क एकदम फिरू लागल्या की जवळपास २०० वॉटचा झटका बसतो, आणि जुना स्वस्त सप्लाय तिथेच मान टाकतो. यूपीएस लागतोच. डिस्कच्या आतलीच ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरली तर तीत डिस्कला आधी पासवर्ड लावावा लागतो, आणि मध्येच वीज गेली तर डिस्क कुलूपबंद राहते. पासवर्ड सगळ्या डिस्कना एकच ठेवावा आणि यंत्रावर चिकटवून ठेवावा. तिथे गुप्ततेचा प्रश्न नाही.

ही आज्ञा चांगली का, तर वरून लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला न दिसणारे, डिस्कनं खराब ठरवून बाजूला टाकलेले सेक्टरही तिच्या ‘एन्हान्स्ड’ प्रकारात पुसले जाणं अपेक्षित असतं. ती चालत नाही तेव्हा कारणं ठरलेली असतात. लिनक्समधल्या एचडीपार्म या साधनानं डिस्कची माहिती मागवली आणि ‘फ्रोझन’ असं दिसलं, तर मदरबोर्डच्या बायोसनं सुरू होताना डिस्कला कुलूप घातलेलं असतं. संगणक एकदा स्लीपमध्ये टाकून उठवला की बहुतेक वेळा ते निघतं. स्वस्त यूएसबी डॉक ही आज्ञा डिस्कपर्यंत पोचवतच नाहीत, म्हणून थेट साटा केबल. डिस्कचे एकूण सेक्टरही आधी तपासावेत. ५०० जीबीच्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ हा आकडा दिसायला हवा. त्याहून कमी दिसला तर उत्पादकानं किंवा आधीच्या कुणी शेवटचा भाग लपवलेला आहे आणि तो उघडल्याशिवाय पुसणं अपुरं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या तक्त्यात १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांच्या ओळीत, शून्याहून मोठा आकडा असेल तर त्या डिस्कवर वेळ घालवू नका. ती सरळ फोडायच्या वाट्यात. पुसणाऱ्यानं स्वतःच ‘पुसली’ असं प्रमाणित करू नये. दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या संगणकावर, डिस्कच्या सुरुवातीचे, शेवटचे आणि मधले विखुरलेले भाग वाचून बघावेत.

बंद पडलेल्या चुंबकीय डिस्कसाठी डीगॉसर हे सगळ्यात झपाट्याचं साधन आहे. क्षणभराच्या प्रबळ चुंबकीय झटक्यात माहितीबरोबर हेडला रस्ता दाखवणाऱ्या सर्व्हो खुणाही जातात, त्यामुळे डिस्क कायमची निकामी होते. पण डीगॉसर हे नाव ऐकून भुलू नका. आजच्या चकत्यांचा चुंबकीय विरोध साधारण ५,००० ओर्स्टेडच्या घरात आहे आणि तो खात्रीनं मोडायला १०,००० गॉस किंवा त्याहून मोठं क्षेत्र लागतं. जुन्या टेपसाठी घेतलेलं, कोपऱ्यात पडलेलं यंत्र यासाठी नाही. दुकानातलं चुंबक तर नाहीच. डिस्कच्या आतच त्याहून जोरकस चुंबकं बसवलेली असतात. नव्या, लेझरनं चकती तापवून लिहिणाऱ्या ३० टीबीच्या पुढच्या डिस्कचा चुंबकीय विरोध कित्येक पट आहे, तिथे आजचे डीगॉसर गृहीत धरता येणार नाहीत. एसएसडीवर तर काहीच परिणाम होत नाही, कारण तिथे माहिती चुंबकीय नाहीच. डीगॉस झालेली डिस्क बाहेरून जशीच्या तशी दिसते हा आणखी एक धोका. म्हणून झटक्यानंतर लगेच प्रेसखाली वाकवणं. हा क्रम जलद आहे, आणि वाकवलेली डिस्क पुनर्वापर करणाऱ्याला उघडून चुंबकं वेगळी काढता येतात. यंत्राजवळ पेसमेकर बसवलेल्या माणसाला थांबू देऊ नये, ही सूचना भिंतीवर हवीच. आणि हो, डिस्क जाळू नयेत. बोर्डातल्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि उघड्यावर पेटवलेल्या आगीत चकती नष्ट होईलच याचा भरवसा नाही.

एसएसडीचा वाटा वेगळाच ठेवावा. त्यांवर वरून लिहून भागत नाही, कारण आतला कंट्रोलर (कुठे लिहायचं ते ठरवणारी चिप) प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो आणि जुनी प्रत राखीव जागेत पडून राहते. आतली पुसण्याची आज्ञा वापरावी, पण तिच्यावर आंधळा विश्वास नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा डिस्क तपासल्या, तेव्हा एकीनं ‘पुसलं’ असं कळवलं आणि माहिती सगळी जागेवर होती. तेव्हापासून एसएसडी सुधारल्या आहेत आणि एनव्हीएमई प्रकारात ‘सॅनिटाइज’ ही अधिक काटेकोर आज्ञा आली आहे. तरीही संवेदनशील माहितीसाठी आधी आज्ञा आणि मग बारीक चाळणीचा श्रेडर, हीच जोडी योग्य. श्रेडरमध्ये टाकण्याआधी टॅब्लेट, फोन, रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं सर्व्हरचं कार्ड) यांवरची बॅटरी वेगळी काढली नाही तर लिथियम पेट घेतं. अशा आगींमुळे माणसं भाजतात.

इथपर्यंत हत्यारांचं झालं. आता ज्याबद्दल या वादात कुणी बोलत नाही, ते. मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तसंस्थेला अमेरिकेत २०२० मध्ये ६ कोटी डॉलर आणि २०२२ मध्ये आणखी साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला. चूक ड्रिलची होती की श्रेडरची? कशाचीच नाही. जुनी उपकरणं निकालात काढण्याचं काम त्यांनी सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं होतं, जिला माहिती नष्ट करण्याचा अनुभव नव्हता, आणि ग्राहकांची माहिती असलेल्या डिस्क ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या. इंग्लंडमध्ये ब्रायटन अँड ससेक्सच्या रुग्णालय ट्रस्टनं सुमारे १,००० डिस्क कुलूपबंद खोलीत ठेवून नष्ट करायला माणूस बोलावला. त्यातल्या किमान २५२ त्यानं बाहेर नेल्या. रुग्णांच्या माहितीसकट काही डिस्क ईबेवर विकल्या गेल्या, आणि २०१२ मध्ये ट्रस्टला ३,२५,००० पौंड दंड झाला. खोली कुलूपबंद होती, पद्धत ठरलेली होती, कमी होती ती मोजणी. आत गेल्या किती, फुटल्या किती, हा ताळा रोज संध्याकाळी जुळवला असता तर पहिल्याच दिवशी पकडलं गेलं असतं.

आपल्याकडे तर मोजणीची सुरुवातच चुकते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये सीपीयूचा क्रमांक असतो, आतल्या हार्ड डिस्कचा नसतो. निर्लेखन समिती ‘संगणक, नग ४०’ असं मंजूर करते, भंगाराच्या लिलावात ४० नग जातात, आणि त्यातल्या ११ सीपीयूंमध्ये डिस्कच नव्हती हे कधीच कुणाला कळत नाही. नंतर हाती पडतं ते प्रमाणपत्र असं: ‘२५० किलो ई-कचरा नष्ट केला.’ लॅपटॉपची डिस्क साधारण १०० ग्रॅमची, एसएसडी त्याहून हलकी. २५० किलोत एक डिस्क खिशात गेली तर कुठला काटा ती दाखवेल? म्हणून पहिलं काम स्क्रू ड्रायव्हरचं: प्रत्येक सीपीयू उघडून डिस्कचा अनुक्रमांक त्या सीपीयूच्या क्रमांकासमोर लिहिणं. बारकोड स्कॅनर वापरावा, पण लेबलवर तीन-चार बारकोड असतात, मॉडेलचा, भाग क्रमांकाचा, डब्ल्यूडब्ल्यूएन या आणखी एका ओळखक्रमांकाचा. घाईत स्कॅनर भलताच उचलतो आणि यादीत एकच क्रमांक वीस वेळा येतो. प्रत्येक खेपेनंतर दुबार नोंदी तपासल्या की ही चूक तिथेच सापडते. मग क्रमांकित सीलची पेटी, दोन सह्या, आणि नष्ट करताना यंत्राच्या तोंडाशी पुन्हा तोच स्कॅन. यादीतला आणि तोंडाशी वाचलेला आकडा जुळला तरच पंचनामा.

मोजणी फक्त संगणकांची करूनही भागत नाही. भाड्यानं घेतलेल्या झेरॉक्स मशीनमध्ये हार्ड डिस्क असू शकते आणि तीत प्रत काढलेल्या कागदांच्या प्रतिमा उरतात. न्यूयॉर्कच्या अॅफिनिटी हेल्थ प्लॅननं अशी यंत्रं न पुसता परत केली आणि २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनची यंत्रं, सर्व्हरच्या आत लपलेली एम.२ पट्टी, हे सगळं यादीत हवं. ‘रेडमधली एक डिस्क गेली तर काय वाचता येणार’ हे आश्वासनही फसवं आहे. रेड-१ मध्ये ती पूर्ण प्रत असते, आणि इतर प्रकारांत ६४ ते २५६ केबीच्या पट्ट्यात एखादं आधार कार्डाचं स्कॅन सहज अख्खं बसतं. शिवाय बॅकअपच्या प्रतीही मोजायला हव्यात. जुलै २०१३ मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राच्या तळघरात ब्रिटिश गुप्तचरांच्या देखरेखीखाली एडवर्ड स्नोडेननं फोडलेल्या गुप्त फायली असलेले संगणक ग्राइंडरनं कापले गेले, आणि त्याच फायलींच्या प्रती दुसऱ्या देशांत सुखरूप होत्या.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो माहितीचं रक्षण करू पाहणाऱ्यांनीच घ्यायला हवा: झटपट नष्ट करण्याची सोय केली की पुरावे गायब करण्याचीही सोय होते. ऑस्ट्रियात मे २०१९ मध्ये सरकार कोसळत असताना चॅन्सेलर कार्यालयातल्या एकानं प्रिंटरच्या पाच हार्ड डिस्क खोट्या नावानं एका खासगी कंपनीत नेऊन श्रेड करून घेतल्या. बिल भरलं नाही म्हणून प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. आपल्याकडे लेखापरीक्षण, माहिती अधिकाराचे अर्ज, न्यायालयीन खटले प्रलंबित असताना डिस्क फोडली तर तो गुन्हा ठरू शकतो. यावरचा उपाय नष्ट करणं थांबवणं हा नाही, कारण डिस्क कपाटात पडून राहिली की ती चोरीला जाते. उपाय तीच यादी आहे. कोणती डिस्क कोणत्या विभागाची, कोणाच्या आदेशानं, अभिलेख जतन झाल्याची खात्री कुणी केली, कोणत्या दिवशी कोणासमोर फुटली, हे अनुक्रमांकासमोर लिहिलेलं असलं तर नागरिकाची माहितीही सुरक्षित राहते आणि त्याचा जाब विचारण्याचा हक्कही.

यापुढे घेतल्या जाणाऱ्या संगणकांवर हा सगळा भार कमी करता येतो. पहिल्याच दिवशी विंडोजमधलं बिटलॉकर किंवा लिनक्समधलं लक्स, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ न देणारं एन्क्रिप्शन, सुरू केलं, तर डिस्क निकालात काढणं म्हणजे मुख्यतः किल्ली नष्ट करणं. मॉर्गन स्टॅन्लीच्या काही उपकरणांत एन्क्रिप्शनची सोय होती, ती वर्षानुवर्षं चालूच केलेली नव्हती. एसएसडीतल्या अंगभूत एन्क्रिप्शनवर मात्र विसंबू नये. नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठानं २०१८ मध्ये नामांकित एसएसडींमधल्या त्या सोयीतले गंभीर दोष दाखवले. सॉफ्टवेअरचं एन्क्रिप्शन वापरा, आणि डिस्क बाद करताना रिकव्हरी किल्ली फाइलमध्ये छापून लावलेली नाही ना, बिटलॉकर ‘सस्पेंड’ करून ठेवलेला नाही ना, एवढं बघा. सस्पेंड असताना किल्ली डिस्कवरच उघडी असते.

शाळांना संगणक द्यावेतच. पण दहा वर्षं चाललेली ५०० जीबीची डिस्क शाळेला देऊन तिचं फारसं भलं होत नाही. ती वर्ष-दोन वर्षांत बंद पडते आणि तोवर संगणक रखडत चालतो. डिस्क काढून, नवी छोटी एसएसडी बसवून संगणक दिला तर शिक्षकांचं काम चालतं आणि जुन्या माहितीचा धोका शाळेच्या दारात जात नाही. काढलेल्या डिस्कपैकी ज्या चांगल्या आणि मोठ्या आहेत त्या पुसून, तपासून आपल्याच बॅकअपसाठी वापराव्यात. बाकीच्या डीगॉस करून, वाकवून, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्वापरकर्त्याला द्याव्यात. निविदेत दर किलोमागे न मागवता प्रत्येक जुळलेल्या अनुक्रमांकामागे मागवावा. काम आपल्या आवारात, कॅमेऱ्यासमोर व्हावं. उपकंत्राटदार नेमायला मनाई असावी. चुंबकीय डिस्क आणि एसएसडीसाठी तुकड्याचं माप वेगवेगळं लिहिलेलं असावं. आणि यादीतली एकही डिस्क जुळली नाही तर ती सापडेपर्यंत किंवा तिची तक्रार नोंदेपर्यंत पूर्ण बिल रोखण्याची अट असावी.